नर्सीला सवडीने जावं

हिंगोलीहून रिसोडकडे जाणाऱ्या रस्त्यावर सतरा-अठरा किलोमीटरवर नर्सी नामदेव लागतं. बहुतेक गाड्या इथे थांबतात त्या थोड्या वेळासाठी. माणसं उतरतात, चपला काढतात, समाधीवर डोकं ठेवतात, नारळ-प्रसाद घेतात आणि पुन्हा गाडीत बसतात. औंढा नागनाथला पोचायचं असतं, तिथून नांदेड गाठायचं असतं. तीर्थांच्या यादीतल्या एका नावावर खूण होते आणि नर्सी 'झाली' असं आपण म्हणतो. ज्या माणसाने तेराव्या-चौदाव्या शतकात पंढरपुरापासून पंजाबपर्यंत पायी जाऊन कीर्तन केलं, त्याच्या गावाला आपण देतो तो वेळ एवढाच.

नर्सी लहान आहे. इथे पाहण्यासारखं काही नाही, असं मराठवाड्यातलेच लोक सहज बोलून जातात. उंच कळस नाहीत, लेणी नाहीत, किल्ला नाही, मोठा बाजारही नाही. तरीही या गावात आणि त्याच्या भोवतीच्या पन्नास किलोमीटरच्या परिघात दोन दिवस कमी पडावेत इतकं पाहण्यासारखं, ऐकण्यासारखं आणि करण्यासारखं आहे. फक्त ते सुटं सुटं पाहिलं तर हाती लागत नाही. एका माणसाच्या आयुष्याचा धागा धरून पाहावं लागतं. हा लेख त्या धाग्याविषयी आहे.

गाव आणि नदी

वारकरी परंपरेनुसार नामदेवांचा जन्म २६ ऑक्टोबर १२७० रोजी, म्हणजे शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीला झाला. वडील दामाशेटी, आई गोणाई. घराणं शिंप्याचं. कुळातले पूर्वज यदुशेटी हे नरसी ब्राह्मणीचे, म्हणजेच नरसी बामणीचे रहिवासी होते आणि पुढे हे घराणं पंढरपूरला स्थायिक झालं, असं परंपरा सांगते. या नरसी बामणीचं स्थान कोणतं, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. काहींनी ते कऱ्हाडच्या बाजूला धरलं, काहींनी मराठवाड्यात. नामदेव प्रत्यक्ष नर्सीत जन्मले की पंढरपुरात, यावरही दोन मतं आहेत. वाचकाने हे सगळं माहीत असूनच नर्सीला जावं. वादाने गावाचं महत्त्व कमी होत नाही. शतकानुशतकं माणसं ज्या ओढीने इथे येत राहिली, ती ओढ हाही एक पुरावाच आहे.

गावाशेजारून कयाधू वाहते. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात ती उगम पावते, नर्सीवरून हिंगोली शहराकडे जाते, पुढे कळमनुरीचा मुलूख ओलांडून पैनगंगेला मिळते. पुराणात कयाधू ही हिरण्यकशिपूची राणी, प्रल्हादाची आई. पोटात मूल असताना तिने नारदाच्या आश्रमात हरिकथा ऐकली आणि ती गर्भातल्या प्रल्हादाने आपलीशी केली, अशी कथा आहे. तिचं नाव धारण करणाऱ्या नदीच्या काठावर मराठी कीर्तनाच्या आद्य प्रवर्तकाचं गाव असावं, ही गोष्ट इथल्या भाविकांना विशेष वाटते. कीर्तनकार ही कथा रंगवून सांगतात आणि श्रोत्यांना ती दरवेळी नवी वाटते.

नदी पाहायला पावसाळा संपल्यावरचा काळ चांगला. भाद्रपद-आश्विनात पात्रात पाणी असतं, काठावर हिरवळ असते, पलीकडच्या रानात सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि तूर डोक्याएवढी वाढलेली असते. उन्हाळ्यात हेच पात्र कोरडं पडतं. मराठवाड्यातल्या कितीतरी नद्यांचं आता असंच झालं आहे. कयाधूच्या पुनरुज्जीवनासाठी उगम ग्रामीण विकास संस्थेसारख्या स्थानिक संस्थांनी गावोगाव लोकांना बरोबर घेऊन काम केलं. पाहुण्याने देवळाइतकंच लक्ष या नदीकडे द्यावं. काठाने थोडं चालावं. नामदेवांच्या काळाशी आपलं नातं जोडणारी जी थोडी चिन्हं इथे उरली, त्यांत सर्वांत जुनी ही नदीच.

समाधी, देऊळ आणि कीर्तन

नर्सीतलं मुख्य स्थान म्हणजे कयाधूकाठचं नामदेव महाराजांचं मंदिर. इथे त्यांची वस्त्रसमाधी आहे. देह पंढरपुरात ठेवला गेला. विठ्ठल मंदिराच्या महाद्वारातल्या पहिल्या पायरीपाशी, शके १२७२ च्या म्हणजे १३५० सालच्या आषाढ वद्य त्रयोदशीला त्यांनी समाधी घेतली. देवाच्या दर्शनाला येणाऱ्या संतांची आणि भक्तांची पायधूळ आपल्यावर पडावी, ही त्यांची इच्छा होती. नामदेव पायरी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण त्यांच्या मूळ गावाने त्यांची आठवण वेगळ्या रूपात जपली आहे, हे पंढरपूरला नेमाने जाणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसतं.

या देवळात करायची पहिली गोष्ट म्हणजे बसणं. दर्शन दोन मिनिटांत होतं. बसायला मात्र सवड काढावी लागते. संध्याकाळी हरिपाठाची वेळ साधावी. भजनी मंडळाचे टाळ ऐकावेत. एखाद्या एकादशीला किंवा सप्ताहात गेलात तर कीर्तन ऐकायला मिळेल आणि ते शेवटपर्यंत ऐकावं. नारदीय कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंग असतो. वारकरी कीर्तनात एक अभंग घेऊन त्याचाच विस्तार होतो. मागे टाळकरी उभे असतात, कडेला पखवाज असतो, गळ्यात वीणा घेतलेला वीणेकरी असतो. शास्त्राची चर्चा, संतचरित्र, घरगुती दाखला आणि मधूनच टिपेला पोचणारा गजर, असं हे सगळं एकत्र चालतं. हजारो माणसांना एका जागी उभं करून, त्यांच्याच बोलीत देवाची आणि जगण्याची गोष्ट सांगायची ही पद्धत वारकऱ्यांमध्ये रुजली ती नामदेवांपासून, असं संप्रदाय मानतो. म्हणून नर्सीत कीर्तन ऐकणं म्हणजे उगमापाशी पाणी पिणं आहे.

दुसरी गोष्ट वाचनाची. नामदेवांची गाथा बरोबर न्यावी. शाळेत शिकलेले दोन-चार अभंग म्हणजे नामदेव नव्हेत. ज्ञानेश्वरांच्या आयुष्याविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं पुष्कळसं नामदेवांच्या नावावरच्या तीन प्रकरणांतून आलं आहे. 'आदि'मध्ये निवृत्ती-ज्ञानदेवादी भावंडांच्या जन्माची आणि बालपणाची कथा आहे. 'तीर्थावळी'मध्ये ज्ञानदेव आणि नामदेव यांनी मिळून केलेल्या तीर्थयात्रेचं वर्णन आहे. 'समाधी'मध्ये १२९६ साली आळंदीला घडलेला समाधिसोहळा आहे. मराठीतल्या पहिल्या चरित्रकाराचा मान काही अभ्यासक नामदेवांना देतात तो यामुळे. एका मित्राने दुसऱ्या मित्राच्या निरोपाचं इतकं सविस्तर आणि इतकं व्याकूळ वर्णन केल्याचं मराठीत त्याआधीचं उदाहरण नाही. ही प्रकरणं घरी वाचावीतच, पण नदीकाठच्या त्या देवळात बसून वाचली तर त्यांच्यातलं माणूसपण अधिक जवळ येतं.

नामदेवांनी आपल्याभोवती जी माणसं जमवली, त्यांची नावं घेतली तरी त्यांचं मोठेपण कळतं. गंगाखेडहून आलेली, दामाशेटींच्या घरी वाढलेली जनाबाई. तेरचे गोरोबा कुंभार. अरणचे सावता माळी. मंगळवेढ्याचे चोखोबा. गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधवून घेतली ती नामदेवांनी. देवळात ज्याला प्रवेश नव्हता, त्याची जागा त्यांनी देवाच्या दारासमोर कायमची करून ठेवली. नर्सीच्या देवळात हात जोडताना हा नामदेव आठवावा.

परतवारी

नर्सीची गर्दी पाहायची असेल तर आषाढी एकादशीनंतरचा पंधरवडा साधावा. पंढरपूरची वारी करून परतलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे कामिका एकादशीला, नर्सीला येतात. यालाच परतवारी म्हणतात. पंढरपूरच्या वारीची सांगता नर्सीच्या दर्शनाने होते, अशी या भागातली श्रद्धा. हिंगोली, परभणी, वाशीम, नांदेड, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून दिंड्या येतात. पायी चालणारे, ट्रॅक्टरमधून येणारे, एसटीने येणारे मिळून भाविकांची संख्या लाखांवर जाते. एरवी शांत असणाऱ्या या गावाच्या वाटा त्या दिवशी भगव्या पताकांनी भरून जातात. दोनच दिवसांनी आषाढ वद्य त्रयोदशी येते. ती नामदेवांची पुण्यतिथी.

परतवारीला जाणाऱ्याने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रांगेला वेळ लागतो, तेव्हा पहाटेच पोचावं. आषाढातला चिखल आणि पाऊस गृहीत धरावा. आणि वाटेत फराळ, चहा, पाणी देणारी माणसं भेटतील, त्यांच्यापाशी दोन शब्द बोलावेत. साबुदाण्याची खिचडी, केळी, शेंगदाण्याचे लाडू वाटणारे हे लोक बहुतेक आसपासच्या गावांतले शेतकरी आणि दुकानदार असतात. पावसाने पेरणी साधली की नाही, यंदा सोयाबीनचं काय होणार, याची चिंता डोक्यात असतानाही ते उपासाचे पदार्थ घेऊन रस्त्यावर उभे असतात. मराठवाड्याची वारी पाहायची तर ती याच माणसांत दिसते.

गर्दी नको असेल तर कार्तिक महिना उत्तम. कोजागरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या देवळांत पहाटे काकडा होतो. थंडी नुकतीच पडू लागलेली असते, रानात ज्वारी-हरभऱ्याची पेरणी चाललेली असते आणि पाडव्यानंतर दहाव्या दिवशी नामदेवांची जयंती येते.

पंजाबचे पाहुणे

नर्सीत गुरुद्वाराही आहे. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबचं दर्शन घेऊन अनेक शीख भाविक पुढे नर्सीला येतात. गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला, म्हणून नांदेड शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. नर्सी ही 'भगत नामदेवजीं'ची भूमी म्हणून त्यांना तितकीच जवळची. पगडी बांधलेले वृद्ध, सलवार-कमीज घातलेल्या आज्या, मोठ्या घोळक्याने आलेली कुटुंबं देवळात आणि गुरुद्वारात सारख्याच भक्तीने माथा टेकतात. मराठी माणसाने हे दृश्य थांबून पाहावं. आपण ज्यांना 'आपले नामदेव' म्हणतो, ते दुसऱ्या एका मोठ्या समाजाच्या रोजच्या प्रार्थनेत आहेत, हे इथे डोळ्यांना दिसतं.

गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ साली संपादित केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची पदं समाविष्ट झाली. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदं आहेत. शिखांच्या गुरूंबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद अशा पंधरा भगतांची वाणी या ग्रंथात आहे आणि नामदेव त्यांतले एक. ही पदं उत्तरेच्या जुन्या हिंदीत आहेत, मधूनच मराठी शब्द डोकावतात. ती रागांनुसार मांडलेली आहेत आणि गुरुद्वारांत गायली जातात. जगात जिथे जिथे गुरू ग्रंथ साहिबचा प्रकाश होतो, तिथे तिथे एका मराठी शिंप्याचा शब्द पोचलेला आहे. व्हँकुव्हर असो वा बर्मिंगहॅम, हा मान इतर कोणत्याही मराठी संतकवीच्या वाट्याला इतक्या प्रमाणात आलेला नाही.

नामदेव पंजाबात राहिले ते गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान या गावी. तिथेही त्यांचं स्थान आहे. तिथली वास्तू सरदार जस्सासिंग रामगढिया यांनी उभारली आणि तलावाची दुरुस्ती महाराजा रणजितसिंगांच्या सासूबाई राणी सदा कौर यांनी केली, असा इतिहास सांगितला जातो. २०१५ च्या एप्रिलमध्ये अठ्ठ्याऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं. संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. सदानंद मोरे त्याचे अध्यक्ष होते. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, मराठी वस्ती नसलेल्या गावात संमेलन भरवण्यामागे नामदेव हे एकच कारण होतं, आणि ते पुरेसं होतं. घुमानला रेल्वेगाड्या भरून गेलेल्या मराठी रसिकांपैकी किती जण नर्सीला येऊन गेले असतील? हा प्रश्न मनाला लागतो.

गुरुद्वारात जाताना डोकं झाकावं, पाय धुवावेत, लंगर असेल तर पंगतीत बसावं. पंजाबहून आलेल्या कुणाशी बोलायची संधी मिळाली तर जरूर बोलावं. नामदेवांच्या कोणत्या पदाचं शबद-कीर्तन त्यांच्याकडे होतं, हे विचारावं. आपल्याला माहीत नसलेला नामदेव त्यांच्याकडून ऐकायला मिळतो.

औंढ्याचं देऊळ

नर्सीचा पाहुणा औंढा नागनाथ टाळू शकत नाही. ते हिंगोलीपासून पंचवीसेक किलोमीटरवर, परभणीच्या रस्त्याला आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवं ते हेच, अशी महाराष्ट्राची श्रद्धा. द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वर यांचाही तसाच दावा आहे. हा निकाल लावायची गरज नाही. नामदेवांच्या चरित्रात औंढ्याचं स्थान पक्कं आहे आणि आपल्या धाग्याला तेवढं पुरे.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तेरला संतमेळा जमला असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचं डोकं थोपटून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं. विठ्ठलाशी बोलणाऱ्या, त्याला आपल्या हाताने जेवू घालणाऱ्या भक्ताला गुरू नव्हता, हे त्याचं कारण. नामदेव रुसले, रडले आणि शेवटी औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले. तिथे विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. पाय उचलून दुसरीकडे ठेवावेत तर तिथेही पिंड. देव नाही अशी जागाच नाही, हा बोध नामदेवांना या गाभाऱ्यात झाला. पंढरीच्या विटेवर उभ्या असलेल्या सगुण विठ्ठलावर जीव टाकणारा भक्त पुढे निर्गुणाची पदं रचू लागला आणि उत्तरेतल्या संतांना आपला वाटू लागला, त्या वळणाची ही जागा. औंढा नसतं तर पंजाबचे नामदेव घडले नसते, असं मला वाटतं.

देवळाची वास्तू यादवकालीन, काळ्या पाषाणाची. भोवती उंच तटबंदी. बाहेरच्या भिंतींवरचं शिल्पकाम एवढं दाट आहे की प्रदक्षिणा घालायला पाऊण तास हाताशी ठेवावा. खालचे हत्तींचे थर, मधल्या पट्ट्यांतल्या देवदेवता, अप्सरा, वादक, अर्धनारीश्वर हे सगळं सकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतं. कितीतरी मूर्तींचे हात, चेहरे तुटलेले आहेत. वरचा भाग खालच्या कामाशी जुळत नाही, हे सहज लक्षात येतं. मध्ययुगात देवळाची मोडतोड झाली, त्यानंतर अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. खाली यादवांचं कोरीव पाषाणकाम आणि वर होळकरांच्या काळचं साधं बांधकाम, असे दोन काळ एका भिंतीत वाचता येतात.

लिंग जमिनीच्या पातळीखालच्या गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावं लागतं, आत छत ठेंगणं, जागा चारदोन माणसांपुरती. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे किंवा बंद जागेत घुसमट होते, त्यांनी विचार करून उतरावं. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी मोठ्या रांगा असतात.

बाहेर आल्यावर नंदी शोधावा. शिवमंदिरात तो समोर असतो, इथे मागच्या बाजूला आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, तेव्हा ते मागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा इथे सांगतात. देऊळ फिरल्याचा हा प्रसंग गुरू ग्रंथ साहिबमधल्या नामदेवांच्या पदांतही आहे. त्या पदांत औंढ्याचं नाव नाही, पण जातीच्या कारणावरून देवळातून उठवलेल्या माणसाचं दुःख आणि देवाने त्याची बाजू घेतल्याचा आनंद आहे. मराठवाड्यातली आख्यायिका आणि पंजाबच्या धर्मग्रंथातलं पद, दोन्हींत एकच प्रसंग जपला गेला. औंढ्याच्या मागच्या अंगणात उभं राहून हे आठवलं की नर्सी-औंढा-घुमान ही एकच वाट असल्याचं ध्यानात येतं.

दुधाळ्याचं माळरान

औंढ्याच्या परिसरातच दुधाळा गाव आहे. तिथे 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली की अवकाश-काळात जी सूक्ष्म थरथर पसरते, ती पकडण्याचं हे यंत्र. काटकोनात मांडलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेझर किरण सोडायचे आणि ते परतताना त्यांच्यात पडलेला अणूच्या केंद्रकाहूनही कितीतरी लहान असा फरक मोजायचा, हे त्याचं तत्त्व. अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. फेब्रुवारी २०१६ मध्ये भारतातल्या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला असं यंत्र असलं की लहर आकाशात नेमकी कुठून आली हे अधिक अचूक सांगता येतं, म्हणून जगाला हिंगोली जिल्ह्यातल्या या माळरानाची गरज आहे.

वेधशाळा अजून पूर्ण व्हायची आहे, तेव्हा ती प्रेक्षणीय स्थळ नाही. पण मुलांना घेऊन औंढ्याला आलात तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. अणुरेणूत देव पाहायला शिकवणाऱ्या विसोबांच्या गावाजवळ विश्वाची सर्वांत सूक्ष्म थरथर ऐकण्याची तयारी चालली आहे, याचा अभिमान इथल्या मुलांना वाटला पाहिजे.

हिंगोली आणि भोवतालचा मुलूख

मुक्कामाला हिंगोली सोयीची. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून हे जिल्ह्याचं ठिकाण. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या स्टेशनाचं नाव आजही 'हिंगोली डेक्कन' आहे. निजामाच्या काळात इथे फौजेची छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार या वस्त्यांची नावं त्या छावणीतून आली आहेत. सकाळी तासभर या भागांतून चालत फिरलं तरी गावाचा दीड-दोनशे वर्षांचा इतिहास पायाखालून जातो.

हिंगोलीचा सार्वजनिक दसरा दीडशे वर्षांहून जुना. खाकीबाबा मठाच्या परंपरेतून सुरू झालेला हा उत्सव रामलीला, प्रदर्शन आणि रावणदहनासाठी ओळखला जातो, आणि जिल्ह्याबाहेरूनही लोक त्यासाठी येतात. अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीच्या मंदिरात नवसाच्या मोदकासाठी प्रचंड रांगा लागतात. या दोन दिवसांत शहरात राहायला जागा मिळणं कठीण, हे ध्यानात ठेवूनच बेत आखावा.

औंढ्याहून वसमतच्या दिशेने निघालं की शिरड शहापूर लागतं. तिथलं मल्लिनाथ दिगंबर जैन मंदिर पाहण्यासारखं आहे. पुढे वसमतचा मुलूख हळदीचा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. माघ-फाल्गुनात या भागातून गेलात तर काढलेली हळद शिजवण्याचं, वाळवण्याचं आणि तिला पॉलिश करण्याचं काम खळ्याखळ्यांवर चाललेलं दिसतं. शेतकऱ्याला विचारून थांबावं, काम पाहावं आणि घरची हळद तिथूनच न्यावी. पूर्णा नदीवरचं सिद्धेश्वर धरण आणि पैनगंगेवरचं इसापूर धरण हे दोन मोठे जलाशय हिवाळ्यात पक्षी पाहणाऱ्यांसाठी चांगले.

जेवणात ज्वारीची भाकरी, पिठलं, तुरीचं वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि हंगामात हरभऱ्याची भाजी मागावी. हॉटेलच्या लाल रश्श्यापेक्षा इथल्या मातीची चव त्यात अधिक आहे.

दोन दिवसांचा बेत

पहिल्या दिवशी सकाळी हिंगोलीहून नर्सी गाठावी. देऊळ, नदीकाठ, गुरुद्वारा आणि दुपारी सावलीत बसून गाथेचं वाचन. हरिपाठ ऐकून रात्री हिंगोलीला परतावं. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास औंढा, नंतर शिरड शहापूर आणि वसमतचा मुलूख. तिथून नांदेड जवळ आहे. विमानाने किंवा रेल्वेने परतणाऱ्यांना ते सोयीचं. ज्यांना अजून पुढे जायचं असेल त्यांनी गोदाकाठचं जनाबाईंचं गंगाखेड, गोरोबांचं तेर, चोखोबांचं मंगळवेढा आणि शेवटी पंढरपूरची नामदेव पायरी असा प्रवास करावा. नामदेवांच्या सगळ्या गोतावळ्याची भेट त्यात होते.

गावाला काय हवं

तीर्थक्षेत्राचा विकास म्हटलं की आपल्याकडे कमान, सभामंडप, फरशी आणि वाहनतळ एवढंच डोळ्यांसमोर येतं. हजारोंची गर्दी सामावून घ्यायला त्यांचीही गरज आहे. पण नर्सीचं नर्सीपण त्याने वाढणार नाही. कयाधूत बारमाही पाणी राहील असं काम उगमापासून व्हायला हवं. नदीकाठाने चालायला सावलीची वाट हवी, आणि ती वड, पिंपळ, कडुनिंब, आंबा अशा इथल्याच झाडांची असावी. गाथेच्या प्रती, गुरू ग्रंथ साहिबमधल्या नामदेवांच्या ६१ पदांचं मराठी आणि पंजाबी रूप, नामदेवांवरचे अभ्यासग्रंथ हे सगळं एका जागी वाचायला मिळेल असं वाचनालय हवं. गावातल्या मुलामुलींना नामदेवांचं चरित्र, औंढ्याची शिल्पं आणि पंजाबचा इतिहास नीट शिकवून वाटाड्ये म्हणून तयार केलं तर त्यांना काम मिळेल आणि पाहुण्यांनाही समजावून सांगणारं कुणी भेटेल. वर्षातून एकदा वारकरी कीर्तन आणि शबद-कीर्तन एकाच मंडपात व्हावं. त्यासाठी कोटींची गरज नाही. इच्छा असेल तर पुढच्या जयंतीलाच ते होऊ शकतं.

शासन करेल तेव्हा करेल. आपल्या हातात आहे ते आपण करावं. मराठी शाळांनी सहलीच्या यादीत नर्सी-औंढा घालावं. पंढरीची वारी करणाऱ्या मुंबई-पुण्याच्या दिंड्यांनी एकदा तरी परतवारीला यावं. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांनी सुट्टीत आल्यावर मुलांना इथे आणावं. त्यांच्या शेजारच्या गुरुद्वारात जे नामदेव गायले जातात ते कोणत्या गावचे, हे मुलांना कळायला हवं. आणि जो कुणी जाईल त्याने घड्याळ बाजूला ठेवून जावं. नर्सी दहा मिनिटांत दिसते, पण नामदेव कळायला दोन दिवस तरी द्यावेत.